मुद्दे आहेत, निबंध कुठे आहे?

२०२३ च्या सुरुवातीला पुण्यात स्पर्धा परीक्षेची मुले रस्त्यावर उतरली होती, ते अनेकांना आठवत असेल. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ न राहता वर्णनात्मक होणार होती. मुलांचे म्हणणे होते की तयारीला वेळ द्या, बदल २०२५ पासून करा. फेब्रुवारीत महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने ते मान्य केले. ती मुदत आता उलटून गेली. नव्या पद्धतीत नऊ पेपर आहेत आणि त्यांतला एक निबंधाचा, २५० गुणांचा. वर्षानुवर्षे चारातला एक गोल काळा करणाऱ्या हाताला आता कोरे पान मिळणार आहे.

ओळखीच्या एका अभ्यासिकेतली मुले त्यांचे सरावाचे निबंध मला वाचायला देतात. वही हातात ठेवताना त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "सर, मुद्दे बरोबर आलेत ना?" मुद्दे बहुतेक वेळा बरोबर असतात. आकडे असतात, कलमे असतात, योजनांची नावे असतात, शेवटी सुविचारही असतो. पण दुसऱ्या पानावर पोहोचेपर्यंत माझ्या लक्षात येते की पहिल्या पानावर काय वाचले ते मला आठवत नाही. चौथ्या पानावर "वर म्हटल्याप्रमाणे" असे तिसऱ्यांदा येते आणि मी वर जाऊन शोधतो, तर तसे कुठेच म्हटलेले नसते. ते म्हणायचे राहून गेलेले असते, डोक्यात मात्र होते.

म्हणजे अभ्यास कमी पडलेला नसतो. लिहायला बसणे आणि लिहायला सुरुवात करणे यांच्यामध्ये जे काम करायचे असते, ते झालेले नसते.

मोळी आणि सरपण

'निबंध' या शब्दातच 'बंध' आहे. रानातून गोळा केलेल्या काटक्या सुट्या असतात तोवर ते सरपण, दोरीने आवळल्या की मोळी. डोक्यावर घेऊन गावापर्यंत नेता येते ती मोळी. सरपण कितीही चांगले असले तरी ते वाटेतच सांडते.

ही दोरी म्हणजे निबंधाचे मध्यवर्ती विधान. मध्यवर्ती विधान म्हणजे असे एक वाक्य, जे तुम्हाला या विषयावर म्हणायचे आहे आणि ज्याच्याशी एखादा शहाणा माणूस असहमत होऊ शकतो. 'पाणी हे जीवन आहे' हे विधान नव्हे. त्याला कोण नाही म्हणणार? 'पाण्याचा प्रश्न पावसाचा कमी आणि वाटपाचा जास्त आहे' हे विधान आहे, कारण त्यावर वाद होऊ शकतो. यापुढे मी त्याला नुसते 'विधान' म्हणेन.

केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निबंधाचा अभ्यासक्रम फार तर दोन-तीन वाक्यांचा आहे. उमेदवाराने विषयाला धरून राहावे, विचार सुसंगत क्रमाने मांडावेत, थोडक्यात लिहावे आणि नेमक्या, परिणामकारक अभिव्यक्तीला श्रेय दिले जाईल, एवढाच त्याचा आशय. माहितीचा त्यात उल्लेखच नाही, क्रमाचा आहे. तरीही तयारीच्या नावाखाली सगळे माहितीच गोळा करत बसतात, कारण माहिती गोळा करताना अभ्यास केल्यासारखे वाटते आणि विचार करताना नुसते बसून राहिल्यासारखे.

थोडा दोष शाळेचाही आहे. दहावीपर्यंत आपण 'पावसाळ्यातील एक दिवस' आणि 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' पाठ केले, नाहीतर 'मुद्द्यांवरून कथा' लिहिली. तिथे मुद्दे प्रश्नपत्रिकेतच छापून यायचे: गरीब लाकूडतोड्या, विहिरीत पडलेली कुऱ्हाड, देवता. आपले काम मधल्या जागा भरण्याचे. मुद्दे शोधायचे कसे आणि त्यांतले कोणते टाकायचे, हे कुणी विचारलेच नाही.

डोक्यात सगळे का मावत नाही

एकाच वेळी जेवढ्या गोष्टी मनात धरून त्यांच्यावर काम करता येते, त्या जागेला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी ती असते. घरात फडताळे कितीही असोत, आत्ता हाताशी मावते ते ओट्यावर असेल तेवढेच. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही जागा सात, दोन इकडे-तिकडे, अशी सांगितली होती. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो अंदाज चारच्या आसपास आणला.

आता लिहिणाऱ्याच्या ओट्यावर काय काय असते ते बघा. हे वाक्य पुरे करायचे आहे. 'विकेंद्रीकरण' मधली वेलांटी पहिली की दुसरी, ते ठरवायचे आहे. मागच्या परिच्छेदात काय म्हटले ते धरून ठेवायचे आहे, पुढे काय येणार ते विसरायचे नाही, घड्याळ बघायचे आहे आणि अक्षरही वाचता येईल असे काढायचे आहे. ओटा भरला. मग या सगळ्यांतले सर्वांत जड भांडे, म्हणजे 'एकंदरीत मला म्हणायचे काय आहे', ते खाली ठेवले जाते. तेच नेमके सांडते.

आधी आराखडा करणे म्हणजे हे जड भांडे ओट्यावरून उचलून कागदावर ठेवणे. मग लिहिताना डोके फक्त वाक्याला द्यायचे. यात बुद्धी वाढत नाही, जागा वाढते.

एक विषय घेऊन बघू

केंद्रीय आयोगाच्या २०२२ च्या पेपरातला एक विषय असा होता: छत दुरुस्त करण्याची वेळ ऊन पडलेले असते तेव्हाच असते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी जानेवारी १९६२ मध्ये तिथल्या काँग्रेससमोर हे म्हटले होते. पण कौलारू घरात वाढलेल्या मराठी माणसाला त्यासाठी केनेडींची गरज नाही. वैशाखात घर शाकारायचे असते, हे आजोबांना कुणी सांगितले नव्हते.

पहिले काम: पिशवी उपडी करा. मंडईतून आणलेली भाजी आधी वर्तमानपत्रावर ओततो, तसे जे सुचेल ते कच्च्या पानावर उतरवा. चांगले-वाईट ठरवायचे नाही. माझ्या पिशवीतून पाच-सात मिनिटांत हे निघाले:

शाकारणी, मृगाआधी. केनेडी. १९९१, सोने गहाण. २६ जुलै २००५. १९७२ चा दुष्काळ, रोहयो. किल्लारी. ओडिशाची चक्रीवादळे. कोविड, ऑक्सिजन. इर्शाळवाडीची दरड. नालेसफाई दर मे महिन्यात, तरीही. आईचे रक्तदाबाचे औषध, "मला काही होत नाही तर गोळी कशाला?" आयुर्विमा. एक टाका वेळेवर. ब्रिमस्टोवॅड.

आता निवडायची वेळ, आणि बहुतेक जण इथेच फसतात. क्लासमध्ये शिकवलेले कप्पे हाताशी असतात: राजकीय, आर्थिक, सामाजिक, पर्यावरणीय, तांत्रिक. १९९१ आर्थिकमध्ये, इर्शाळवाडी पर्यावरणीयमध्ये, कोविड सामाजिकमध्ये. सगळे बसले, पान स्वच्छ दिसते, आराखडा झाला असे वाटते. तो झालेला नाही. हेच कप्पे 'स्त्री सक्षमीकरण' ला चालतील, 'कृत्रिम बुद्धिमत्ता' ला चालतील, 'खेळ आणि राष्ट्र' लाही चालतील. माझी एक साधी कसोटी आहे: शीर्षकावर हात ठेवा आणि नुसते परिच्छेदांचे मथळे वाचा. विषय कोणता ते कळले नाही, तर ते कप्पे आहेत, आराखडा नव्हे. कप्पे पिशवी उपडी करताना कामाला येतात. एखादी बाजू राहिली का, ते कळते. बांधताना ते उपयोगाचे नाहीत.

कप्प्यांऐवजी विषयाला एक वाकडा प्रश्न विचारायचा. इथे तो असा: छत उन्हात दुरुस्त करायचे हे प्रत्येकाला ठाऊक आहे, मग ते होत का नाही?

उत्तर पिशवीतच आहे. आईच्या गोळीत. "मला काही होत नाही." ऊन असते तेव्हा छत गळत नाही, आणि जे गळत नाही ते दुरुस्त करायचे आहे, हे आठवत नाही. मग पहिले कच्चे विधान: *खरी अडचण आळसाची नाही, विसराची आहे. जो समाज पावसातली गळती लिहून ठेवतो, तोच उन्हात शिडी लावतो.*

हे वाक्य कागदावर आले की पिशवीतल्या गोष्टी आपोआप हलू लागतात. ओडिशा पुढे येते. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर निवारे उभे राहिले, इशारा देण्याची यंत्रणा आली, आणि २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले गेले. मृत्यू काही डझनांत राहिले. गळती लिहून ठेवली होती. शाकारणीही पुढे येते, कारण ती आठवणीवर सोडलेलीच नव्हती. मृग नक्षत्र ही पंचांगात छापलेली तारीख होती.

आणि मग ब्रिमस्टोवॅड आडवे येते.

ब्रिमस्टोवॅड म्हणजे मुंबईच्या पावसाच्या पाण्याचा निचरा कसा सुधारायचा, याचा १९९३ चा अहवाल. शहराची जुनी गटारे तासाला साधारण २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशी होती, ती ५० पर्यंत न्यावीत असे त्यात सुचवले होते. गळती लिहिलेली होती, नकाशांसकट. त्यानंतर बारा वर्षे ऊन होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्यातले बहुतेक काम बाकी होते. (एवढा पाऊस कुठल्याच गटाराने पेलला नसता, हेही खरे आहे, निबंधात हे अर्ध्या ओळीत मान्य केलेले बरे.)

म्हणजे माझे विधान चुकले. लिहून ठेवणे पुरेसे नाही.

अशा वेळी मुले काय करतात, ते मी पाहिले आहे. ब्रिमस्टोवॅडवर काट मारतात, कारण ते 'बसत नाही'. तसे करू नका. जो मुद्दा विधानाला बसत नाही तोच सगळ्यांत महागाचा असतो. ओडिशात होते ते मुंबईत काय नव्हते? याचे उत्तर शोधताना हात रोहयोकडे गेला. रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर आली. दुष्काळ ओसरला, पण योजना ओसरली नाही. १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला आणि १९७७ मध्ये कायदा झाला. नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी ती छोटी रक्कम म्हणजे दुष्काळाची आठवण होती, पैशाच्या रूपात. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने हीच कल्पना देशभर नेली.

आता विधान बदलते: *गळतीची आठवण कागदावर राहिली तर ती अहवाल होते, तिला पैसा आणि जबाबदार माणूस बांधून दिला, तरच ती दुरुस्ती होते.* हे पहिल्यापेक्षा बरे आहे. याच्याशी कुणी भांडू शकते आणि भांडणाऱ्याला उत्तर देता येते.

राहिले १९९१. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढे उरले, सोने परदेशात गहाण ठेवावे लागले, आणि त्याच घाईत आर्थिक सुधारणा झाल्या. म्हणजे भर पावसात छत दुरुस्त झाले, आणि बऱ्यापैकी झाले. हे माझ्या विधानाच्या विरुद्ध आहे, म्हणून ते निबंधाच्या मध्यावर मला हवे. पावसात इच्छाशक्ती मिळते, पण वेळ कमी मिळतो आणि किंमत दुसरा ठरवतो. विरोधी मुद्दा स्वतःच मांडला आणि त्याला उत्तर दिले, की तपासणाऱ्याला काही विचारायचे उरत नाही.

किल्लारी, कोविड, विमा, 'एक टाका' हे सगळे काटले. किल्लारी काटताना जीव खालीवर झाला, कारण त्यावर माझे टाचण चांगले होते. पण ऊन-पावसाचा इशारा देत भूकंप येत नाही, तो या दोरीत बसत नाही. इर्शाळवाडीही गेली. केनेडी एका अर्ध्या वाक्यापुरते राहिले.

आराखड्यात नाम नको, वाक्य हवे

निवडून झाले, आता ओळीने मांडायचे. इथे मी एकच नियम हट्टाने पाळतो: आराखड्याच्या प्रत्येक ओळीत क्रियापद असले पाहिजे.

'रोहयो' असे लिहिलेत तर परीक्षेच्या पाऊण तासाने तुम्ही त्या शब्दाकडे बघाल आणि रोहयोबद्दल जे जे ठाऊक आहे ते सगळे ओताल: वि. स. पागे, तासगाव, मजुरीचे दर. 'रोहयो टिकली, कारण तिच्या मागे वेगळा कर आणि कायदा उभा केला' असे लिहिलेत तर परिच्छेद कुठे थांबायचा, ते ती ओळच सांगते.

माझ्या कच्च्या पानावर शेवटी उरले ते असे. वैशाखात आजोबा शिडी लावत, कारण मृगाची तारीख ठरलेली होती. शहराला आणि सरकारला अशी तारीख नसते, म्हणून ऊन पडले की ते विसरतात. लिहून ठेवले तरी विसरतात: मुंबई, १९९३ ते २००५. कुणी म्हणेल की संकटातच कामे होतात, १९९१ बघा. होतात, पण किंमत आपल्या हातात राहत नाही. ज्यांनी आठवणीला पैसा आणि माणूस बांधून दिला, त्यांचे छत टिकले: रोहयो, ओडिशा. मग आपल्या आजच्या उन्हात कुठली शिडी लावायला हवी?

सहा ओळी. प्रत्येकीतून दीड-दोनशे शब्दांचा एक परिच्छेद, क्वचित दोन. ओळी क्रमाने वाचल्या तर एक माणूस बोलत असल्यासारखे वाटते, एकीतून दुसरी निघते. क्रम बदलून बघितला आणि काहीच बिघडले नाही, तर समजायचे की अजून सरपणच आहे.

कीर्तन ऐकणाऱ्यांना हे नवे नाही. बुवा अभंगाचे चरण घेतात, निरूपण करता करता कुठल्या कुठे जातात, उत्तररंगात एखाद्या राजाचे आख्यान लावतात, मधेच श्रोत्यांना हसवतात. पण फिरून ध्रुपदावर येतात आणि आल्यावर ते चरण पहिल्यापेक्षा जास्त कळलेले असते. भटकायची मुभा त्यांना मिळते ती परत कुठे यायचे ते ठरलेले असते म्हणून.

"यात वीस मिनिटे जातात, लिहू कधी?"

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सरळ हिशेब करू. केंद्रीय आयोगाच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध असतात, प्रत्येकी १००० ते १२०० शब्द. म्हणजे एकाला नव्वद मिनिटे. वीस मिनिटे आराखड्याला आणि दहा मिनिटे शेवटी वाचायला ठेवली तर लिहायला साठ उरतात. त्यात १२०० शब्द म्हणजे मिनिटाला वीस. पुढचे वाक्य काय ते ठाऊक असेल तर हात एवढे सहज लिहितो. ठाऊक नसेल तर नव्वद मिनिटेही पुरत नाहीत, कारण मुले हाताने थकत नाहीत, पेन हवेत धरून थकतात. कधीतरी स्वतःचे घड्याळ लावून बघा, न लिहिता किती वेळ जातो ते.

घरच्या सरावात पहिले काही निबंध मात्र वीस मिनिटांत बसणार नाहीत. तास लागेल. लागू द्या. किंवा निबंध लिहूच नका, आठवड्याला तीन विषयांचे नुसते आराखडे करा. वही भरल्याचे समाधान मिळणार नाही, पण दोरी वळायला हात बसेल.

"डोक्यातच ठरवले तर चालणार नाही का?"

छोट्या मजकुराला चालते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड केलॉग यांनी १९८८ मध्ये विद्यार्थ्यांकडून पत्रे लिहवून घेऊन याचा अभ्यास केला. आधी आराखडा करणाऱ्यांची पत्रे सरस ठरली आणि तो आराखडा कागदावर न करता मनात केला तरी फायदा दिसला. म्हणजे जादू कागदात नाही, आधी ठरवण्यात आहे. पण ती पत्रे होती. बाराशे शब्दांचा निबंध मनात धरून, वर वेलांट्यांकडेही बघायचे, एवढा मोठा ओटा माझा तरी नाही.

"मला लिहिता लिहिताच सुचते"

हे खरे आहे, आणि ज्यांना असे होते त्यांनी ते दडपू नये. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१ मध्ये लेखनप्रक्रियेचे जे प्रारूप मांडले, त्यात ठरवणे, शब्दांत उतरवणे आणि तपासणे या एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या नाहीत. लिहिणारा त्यांच्यात सतत ये-जा करतो. वर ब्रिमस्टोवॅडने माझे विधान मोडले, तसे तिसऱ्या परिच्छेदातले एखादे वाक्यही मोडू शकते.

फरक एवढाच की घरी लिहिताना तसे झाले तर पहिला परिच्छेद फाडता येतो. उत्तरपत्रिकेत फाडता येत नाही. म्हणून मोडतोड कच्च्या पानावर आधी करून घ्यायची. तरीही लिहिताना नवे काही सुचलेच, तर लगेच लिहू नका. आराखड्यावर परत जा, ते कोणत्या ओळीखाली बसते ते बघा. बसत असेल तर खाली टिपा, नसेल तर सोडा. सोडताना वाईट वाटते. किल्लारीचे मी सांगितलेच.

"मग सगळ्यांचे निबंध एकाच साच्यातले होतील"

कप्प्यांचे होतात, अगदी खात्रीने होतात. सुविचाराने सुरुवात, पाच मथळे, शेवटी 'अशा प्रकारे' असे शंभर निबंध एकापाठोपाठ एक येतात. विधानाचे मात्र तसे होत नाही, कारण आईची गोळी माझ्या पिशवीत होती, तुमच्या पिशवीत दुसरेच काही असेल. मराठवाड्यातल्या मुलीला याच विषयावर टँकर आठवेल आणि तिचे विधान माझ्यापेक्षा धारदार निघेल.

"आराखडा एआयकडून घेतला तर?"

परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल नसतो, एवढे उत्तर खरे तर पुरे. पण घरी सराव करताना मुले ते करतात. मिळतो तो आराखडा नीटनेटका असतो आणि बहुधा कप्प्यांचाच असतो. मी सांगतो, घ्यायचाच असेल तर शेवटी घ्या. स्वतःची पिशवी उपडी करून, विधान ठरवून झाल्यावर विचारा की या विधानाच्या विरोधात काय काय म्हणता येईल. ते काम एआय बरे करतो.

कच्चे पान कच्चेच असू द्या

मराठी माध्यमातून लिहिणाऱ्यांना एक संकोच असतो: वाचन निम्मे इंग्रजीत झालेले, टाचणे मिश्र, मग आराखडा कुठल्या भाषेत? पिशवीत जे ज्या भाषेत येईल ते येऊ द्या, देवनागरीत 'फिस्कल डेफिसिट' आले तरी चालेल. फक्त क्रियापदाच्या त्या सहा ओळी मराठीत लिहा. तिथे 'राजकोषीय तूट' हा शब्द अडला, तर तो तिथेच अडलेला बरा. लिहिताना अडला की वाक्य मोडते. बाण काढा, गोल करा, खाडाखोड करा. लिहून झाल्यावर त्या पानावर एक तिरकी रेघ मारायला विसरू नका.

करून बघायचे असेल तर २०२२ च्या त्याच पेपरात दुसरा एक विषय होता: बंदरातले जहाज सुरक्षित असते, पण जहाज त्यासाठी नसते. सगळे या वाक्याला मान डोलावून धाडसावर लिहायला घेतात. माझी पिशवी उपडी केली तेव्हा पहिल्याच मिनिटाला कोकणातल्या होड्या निघाल्या. जून-जुलैत त्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी सांधली जातात, बुडाला तेल-रंग लागतो आणि मासेमारी बंद असल्यामुळे समुद्रात मासळी वाढते. जहाज बंदरात असते तेव्हाही त्याचे काम चाललेलेच असते. हे विषयाशी भांडते आहे, म्हणून मी ते अजून काटलेले नाही.